अडतिसाव्या ओळीचा शेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे आदरणीय प्राचार्य. गुडघ्यांची कुरकुर बाजूला ठेवून एवढ्या लांबून आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, हा विभाग ज्यांनी वर्षानुवर्षं चालवला त्या आमच्या बाई. आमचे विभागप्रमुख, ज्यांना मी ते विद्यार्थी असल्यापासून ओळखतो आणि ज्यांनी फोडलेल्या चंबूंची यादी अजून माझ्याकडे आहे. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. समोर बसलेले माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, तिसऱ्या रांगेत बसलेली माझी मुलगी आणि जावई. आणि चहा कधी येतोय याकडे एक डोळा ठेवून बसलेले सर्व सज्जनहो,

माईक जरा खाली घेता का? एवढा नको. हां, राहू द्या.

माझ्याबद्दल आत्तापर्यंत चौघे बोलले. चौघांनी मिळून बावन्न मिनिटं घेतली. मोजायची सवय आहे, वाईट मानू नका. इतकं चांगलं मी स्वतःबद्दल आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, घरी तर मुळीच नाही. अशा वेळी माणसाचा गळा दाटून येतो, शब्द फुटत नाहीत, वगैरे होतं म्हणतात. माझं तसं काही होत नाहीये. मी ते लपवतही नाही. आठ महिन्यांपूर्वी माझी पत्नी नऊ दिवसांच्या आजारपणात गेली. ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी कामावर हजर होतो आणि त्या दिवशी प्रयोगशाळेत मी केलेली वजनं दशांश चिन्हानंतर तिसऱ्या घरापर्यंत बरोबर होती. तेव्हापासून हे असंच आहे. जेवतो, झोपतो, लोक हसले की हसतो. माझी मेहुणी म्हणते, "भाऊजी, एकदा रडा हो." रडायला माझी हरकत नाही. पण येत नाही, त्याला काय करणार?

तेव्हा आजच्या भाषणात भावना कमी पडल्या तर समजून घ्या. मी दुसऱ्याच एका कामासाठी हा माईक हातात घेतला आहे.

तुम्ही मला जे मानपत्र दिलंत, त्यात सातव्या ओळीत लिहिलं आहे: "चौतीस वर्षांच्या सेवेत यांच्या हातून एकही चूक झाली नाही." ज्यांनी लिहिलं त्यांनी प्रेमाने लिहिलं. पण ते खरं नाही. एक चूक झाली आहे. ती आपल्या विभागाच्या जुन्या नोंदवहीत अडतिसाव्या ओळीत आहे, आणि तिचा दोष माझ्या नावावर नाही, भलत्याच्या नावावर आहे. या नोंदवह्या सोमवारी दुसऱ्या संस्थेकडे जायच्या आहेत. तिथे सगळे आकडे नव्याने संगणकात भरणार आणि ज्या ओळीसमोर "वगळली" असा शेरा आहे ती भरणार नाहीत. म्हणजे सोमवारनंतर ती चूक कायमची तशीच राहणार. दुरुस्तीला बाईंची सही लागते. बाई आज इथे आहेत. म्हणून आजच.

यासाठी मी गेल्या तीन महिन्यांत तीनदा विभागप्रमुखांच्या खोलीत गेलो. सर, आठवतंय ना? एकदा रजेचा अर्ज दिला, एकदा पंख्याची तक्रार केली, आणि एकदा तुम्ही विचारलंत, "काय काम होतं?" तर मी म्हणालो, "काही नाही, सहज." तुम्ही घाबरला असाल, कारण मी सहज कधी येत नाही. खोलीतून मागे फिरता येतं. इथून येणार नाही.

आता समोर घरचीही मंडळी आहेत. चौतीस वर्षं हा माणूस नेमकं काय करत होता, असा प्रश्न माझ्या जावयाला लग्नापासून पडलेला आहे. तो सभ्य आहे म्हणून विचारत नाही. तर थोडक्यात सांगतो.

आपण साखर खातो. त्यातली काही चरबीत जाते. चरबी म्हणजे पोटावर नुसतं साठलेलं ओझं, असं आपण समजतो. तसं नाही. चरबीचा तुकडा जिवंत असतो आणि काम करत असतो. त्याच्याकडे साखर आली की तिला दोन वाटा असतात. एक लांबची, एक आखूड. साखरेच्या कणात सहा कार्बन असतात, ओळीने. आखूड वाटेने गेली तर पहिला कार्बन सुरुवातीलाच सुटतो आणि वायू होऊन बाहेर पडतो. लांबच्या वाटेने गेली तर पहिला काय आणि सहावा काय, दोघेही पुढे जाऊन सारखेच बाहेर पडतात. चरबीला नवी चरबी बनवायला जे लागतं, ते त्या आखूड वाटेवर मिळतं. मग कुणाची चरबी किती साखर कुठल्या वाटेने पाठवते, हे कळायला नको का? बारीक माणसाची, जाड माणसाची, मधुमेह असलेल्याची?

ते मोजायचं कसं? साखर दोन प्रकारची आणायची. एकीत पहिल्या कार्बनला किरणोत्सारी खूण केलेली, दुसरीत सहाव्याला. शस्त्रक्रियेत रुग्णाच्या संमतीने चरबीचा बोराएवढा तुकडा मिळतो. तो कोमट द्रावणातून धावत आणायचा, कापायचा, तोलायचा, छोट्या चंबूंत घालायचा. एका चंबूत ही साखर, दुसऱ्यात ती, आणि तशाच आणखी दोन चंबूंत वरून इन्सुलिन. रबरी बूच घट्ट बसवायचं. चंबूच्या मधोमध टांगलेली एक चिमुकली वाटी असते, तिच्यात वायू शोषणारा कागद. दोन तास शरीराइतक्या गरम पाण्यात हलवत ठेवायचं, मग बुचातून सुईने आम्ल सोडायचं. तुकडा तिथेच थांबतो आणि सगळा वायू कागदावर येतो. कागद मोजणीच्या यंत्रात. पहिल्या कार्बनचा आकडा, सहाव्याचा आकडा. दोहोंत जो फरक, ती आखूड वाट. झालं. जावईबापू, एवढंच. चौतीस वर्षं.

हे मला बाईंनी शिकवलं. मी आलो तेव्हा बाई तरुण होत्या, आणि त्यांचा आवाज तळमजल्यावरच्या पहारेकऱ्यापर्यंत जायचा. पहिल्याच आठवड्यात मी वहीत एक आकडा चुकवला आणि खोडरबराने पुसला. बाईंनी वही उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे काय केलंस?" मी म्हणालो, "चुकलं होतं, बाई." "चुकलं ते दिसतंय. पुसलंस का?" तेव्हापासून आमच्या विभागात पुसत नाहीत. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं. ज्याने मूळ नोंद केली त्याचीच सही आणि तारीख. दुसऱ्याने केलेली दुरुस्ती चालत नाही, मग तो प्राचार्य का असेना. माफ करा, सर.

आता अडतीसकडे येतो.

चौदा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या पित्ताशयात खडे झाले. शस्त्रक्रिया आपल्याच रुग्णालयात ठरली. ती टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची ओरड ऐकून घरी यायची आणि माझ्या पोटात दुखेपर्यंत नकला करून दाखवायची. ती मला म्हणाली, "अहो, तुमच्या त्या बाटल्यांत माझाही तुकडा टाका ना. इतकी वर्षं माझ्या पोटाची चेष्टा केलीत, आता जरा शास्त्राच्या कामी येऊ द्या." मी म्हटलं, "तसं आपण नात्यातल्यांचं घेत नाही." ती म्हणाली, "म्हणजे परक्या बायकांची चरबी चालते?" बाई हसल्या आणि संमतीपत्र पुढे केलं. तिने सही केली, टपालवाल्यांची असते तशी, लफ्फेदार.

त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "आज तू हात लावू नकोस. मी करते." हे शंभर टक्के शहाणपणाचं होतं. मी ऐकलं नाही. म्हणालो, "बाई, हात माझाच स्थिर आहे." गर्व होता, दुसरं काय. तो होता म्हणूनच पुढचं सगळं झालं.

आमच्या खोलीत मधोमध एक लांब टेबल आहे. त्यावर नळ्यांचं लाकडी घर स्क्रूने पक्कं बसवलेलं आहे. डाव्या भोकात पहिल्या कार्बनची साखर, उजव्या भोकात सहाव्याची. वीस वर्षं मी त्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला उभा राहून काम केलं होतं. नळीवर चिठ्ठी असते, ती वाचायची असते, नवीन मुलांना मीच ओरडून सांगायचो. मी स्वतः वाचत नसे. हात डावीकडे गेला की पहिला, उजवीकडे गेला की सहावा. हाताला ठाऊक होतं.

त्या दिवशी मी पलीकडच्या बाजूला उभा राहिलो. का? कारण तिकडून दाराच्या काचेतून शस्त्रक्रियेच्या विभागाचा बोळ दिसतो. तिला बाहेर आणतील ते मला दिसायला हवं होतं. बस, एवढंच कारण. तुकडा आला, मी कापला, तोलला, चंबू मांडले, डावीकडून उजवीकडे, नेहमीसारखे. डावा हात डावीकडच्या नळीकडे गेला. पलीकडून उभं राहिलं की डावीकडे सहावा असतो, हे डोक्यात आलंच नाही. माझं लक्ष बोळात होतं. दहा-बारा मिनिटांनी तिची ढकलखुर्ची... नाही, चाकांची खाट बाहेर आली. पायाकडचं पांघरूण सरकलेलं होतं. नर्सने ते नीट केलं. मी आमच्या खोलीतून बघत होतो आणि हात भराभर काम करत होते.

दोन दिवसांनी आकडे आले. उलटे. सहावा कार्बन पहिल्याच्या तिप्पट. जिवंत चरबीत असं होत नाही. बाईंनी मला बोलावलं, वही पुढे केली आणि विचारलं, "नळ्यांची अदलाबदल झाली का रे?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. मी कुठे उभा होतो ते डोळ्यांसमोर आलं.

मी म्हणालो, "नाही, बाई."

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. मी नाही म्हटलं म्हणजे नाहीच, असा माझा लौकिक होता. त्यांनी पेन उचललं आणि अडतिसाव्या ओळीपुढे लिहिलं, "ऊती सदोष. वगळली." मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "होतं कधीकधी. शस्त्रक्रियेत तुकड्याला जास्त चटका बसला असेल." मी मान हलवली. माणूस किती सहज मान हलवतो, नाही का?

मी तेव्हाच का बोललो नाही? लाज वाटली. बाईंनी नको म्हटलं असताना मी हट्टाने केलं होतं. आणि दिवस गेला की बोलणं दुप्पट अवघड होतं, आठवडा गेला की विचारूच नका.

घरी ती अजून उशीला टेकून बसत होती. तिने विचारलं, "माझं काय आलं?" मी म्हटलं, "छान आलं." तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, भावाला फोन करून सांगितलं. दीड वर्षाने विभागाचा अहवाल छापून आला. मी घरी आणायलाच नको होता. पण तिने मागे लागून मागवला. शेवटी एक मोठा तक्ता होता, नावं नव्हती, फक्त स्त्री की पुरुष, वय, आणि आकडे. ती चष्मा लावून बोटाने खाली खाली येत गेली. एकतिसाव्या ओळीवर थांबली. स्त्री, वय चव्वेचाळीस. म्हणाली, "अहो, ही मीच ना?"

ती कोण होती मला माहीत नाही. कुणीतरी चव्वेचाळीस वर्षांची बाई.

मी म्हणालो, "हो, तूच."

तिने पेन्सिलीने खाली रेघ मारली. पट्टी घेऊन मारली, वाकडी नको म्हणून.

ती गेल्यावर मुलीने तिचं कपाट आवरलं. एका फायलीत तिच्या महत्त्वाच्या गोष्टी होत्या. नोकरीचं पत्र, मुलीचा शाळेतला पहिला निकाल, आणि तो तक्ता, चौपदरी घडी करून. मुलीने मला दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, आईला याचं किती कौतुक होतं ना." मी तेव्हाही म्हणालो, "हो."

बाळा, मी तुला आधी एकटीला सांगायला हवं होतं. जमलं नाही. आत्ता सर्वांसमोर सांगतोय, रागावलीस तरी चालेल.

तर माझी विनंती एवढीच आहे. ती ओळ अभ्यासात परत घ्या असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांनी माझ्या नुसत्या शब्दावर आकडे उलटे करून घेणं शास्त्रात बसत नाही, आणि माझ्या शब्दाची किंमत तुम्ही आत्ताच ऐकलीत. ओळ वगळलेलीच राहू द्या. फक्त शेरा बदला. तिथे "ऊती सदोष" लिहिलं आहे. ऊतीत काही दोष नव्हता. मोजणाऱ्यात होता.

खुर्चीजवळच्या माझ्या पिशवीत ती वही आहे. विभागप्रमुखांना न विचारता कपाटातून आणली, तोही गुन्हा कबूल. बाई, बसूनच राहा, मीच येतो. ही बघा. खूण घातली आहे. पेन काळं आहे, तुमच्या आवडीचं. चष्मा शोधताय का? गळ्यातच आहे.

मंडळी, दोन मिनिटं द्या. बाई वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

काय, बाई? जरा मोठ्याने... हो. बाई विचारतायत, पलीकडे उभं राहून काय दिसत होतं. बोळ दिसत होता, बाई. तिची खाट यायची होती.

हो. सांगतो त्यांना. बाई म्हणतायत, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या कुणी वाचल्या का, हे विचारणं त्यांचं काम होतं. त्यांनी मला विचारलं, नळ्या तपासल्या नाहीत. नाही बाई, तुम्ही कशाला... बरं. बरं, लिहा.

झालं. बाईंनी रेघ मारली आहे आणि बाजूला लिहिलं आहे. वाचून दाखवतो, कारण हे सगळ्यांसमोर वाचलं गेलं पाहिजे. "ऊती निर्दोष. मोजणीत चूक आमची." खाली सही आणि आजची तारीख.

बाई, "आमची" नाही, "माझी" लिहा.

नको म्हणतायत. असू द्या. बाईंशी वाद घालून चौतीस वर्षांत कुणी जिंकलेलं नाही.

आता तिचे आकडे. वहीत उलटे आहेत, मी सुलटे करून वाचतो, एकदाच. अभ्यासासाठी नाही. स्त्री, वय चव्वेचाळीस. पहिला कार्बन, यंत्राच्या मोजणीत मिनिटाला नऊशे चाळीस. सहावा, तीनशे दहा. इन्सुलिन घातल्यावर पहिला तेराशे ऐंशी, सहावा तीनशे साठ. म्हणजे आखूड वाट अगदी जोरात चालू होती. उत्तम तुकडा होता. त्या वर्षी आलेल्यांत याच्याइतका चांगला...

एक मिनिट. पाणी द्या जरा.

नाही, मी ठीक आहे. मला वाईट वाटतंय, एवढंच. आठ महिन्यांत पहिल्यांदाच वाटतंय, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. बसा, बसा, कुणी उठू नका.

बाळा, घरी गेल्यावर त्या तक्त्यात एकतीसवरची रेघ तशीच राहू दे. आईने मारली आहे. फक्त तुला माहीत असू दे की ती बाई दुसरी कुणीतरी आहे. आई तिथे नाही. आई इथे आहे, या वहीत, आणि ही वही सोमवारी जाणार. आज जाण्याआधी वर येऊन बघून जा. अडतिसावी ओळ. मी दाखवतो.

अध्यक्षमहोदय, आपण वेळ दिलात, मध्येच थांबवलं नाहीत, त्याबद्दल आभार. बाई, तुमचे आभार मानले तर तुम्ही रागवाल, म्हणून मानत नाही. मानपत्रातली सातवी ओळ ज्यांनी लिहिली त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सहकाऱ्यांपैकी अनेकांचा उल्लेख करायचं ठरवलं होतं, कागदही आणला होता, आता अक्षरं नीट दिसत नाहीत. ज्यांचं राहून गेलं त्यांनी, आणि माझ्या बोलण्याने आजच्या आनंदाच्या प्रसंगाला गालबोट लागलं असं ज्यांना वाटलं त्यांनीही, मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. चहा आला आहे. मला कुणीतरी हाताला धरून खाली बसवा.